हाड सांधेल, पण पोटरीकडे कोण बघणार?



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या खेपेस विषय माणसाच्या पायाचा आहे. आमच्याकडे पदविका शेतीची आहे, डॉक्टरकीची नाही, ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तरीही लिहावेसे वाटले, कारण ऊस नोंदीसाठी गटागटांतून हिंडताना दर हंगामात दोन-चार घरांत तरी घोट्याला प्लॅस्टर घालून खाटेवर पडलेला माणूस भेटतोच. कोणी रात्रीच्या लाईटीवर पाणी धरायला गेला आणि ओल्या बांधावरून घसरला. कोणी भरलेल्या ट्रॉलीवरून खाली उडी टाकली. कोणाची मोटारसायकल अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळली. (रिफ्लेक्टर लावा म्हणून ट्रॉलीवाल्यांना किती वेळा सांगायचे, हे आता त्यांनीच सांगावे.)

अशा घरी गेलो की बोलणे ठरलेले असते. डॉक्टर काय म्हणाले? प्लेट टाकली, स्क्रू बसवले, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. आणखी काही सांगितलं का? आणखी काय सांगणार!

त्या ‘आणखी’त माणसाचा जीव अडकलेला असू शकतो.

दोन हंगामांपूर्वी आमच्या भागातील एक सभासद असेच गेले. वय पन्नाशीच्या आत, अंगाने धडधाकट. ऑपरेशन उत्तम झाले होते, फोटोत हाड जागेवर बसलेले दिसत होते. सतराव्या दिवशी सकाळी उठून बसताना एकदम दम लागला, घाम फुटला आणि तालुक्याला नेईपर्यंत सारे संपले. गावात बोलबाला झाला की ‘अ‍ॅटॅक आला’. पुढे त्यांच्या भावाने सांगितले की चार दिवसांपासून ते पोटरी ताठली आहे, प्लॅस्टर आवळतंय असे म्हणत होते. घरच्यांना वाटले ऑपरेशनची सूज असेल. शवविच्छेदन झाले नाही, तेव्हा छातीठोकपणे कोणी काही सांगू शकणार नाही. पण ऑपरेशननंतरचा सतरावा दिवस, ताठलेली पोटरी आणि अचानक लागलेला दम या गोष्टी एकत्र ऐकल्या की कोणत्याही हाडाच्या डॉक्टरांच्या मनात पहिली शंका रक्ताच्या गुठळीची येते. आपल्या मनात ती येत नाही, आणि आमचे सारे म्हणणे त्याबद्दलच आहे.

आता ही गुठळी होते कशी ते पाहू. हृदय रक्त खाली पायात पाठवते. तेच रक्त पुन्हा वर चढवायचे काम मात्र बरेचसे पोटरीला करावे लागते. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरांवर दाब येतो आणि रक्त वर सरकते. शिरांत ठिकठिकाणी झडपा असतात. विहिरीतल्या मोटारीला फूटव्हॉल्व्हचे जे काम, तेच या झडपांचे. वर गेलेले मागे येऊ द्यायचे नाही. घोटा मोडला, प्लॅस्टर पडले, चालणे थांबले म्हणजे मोटार बंद झाली आणि पाइप भरलेला राहिला. पाटात पाणी उभे राहिले की तळाला गाळ धरतो हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिरेतल्या संथ झालेल्या रक्ताचेही तसेच काहीसे होते. त्यात भर म्हणजे जखम झाली की रक्त लवकर गोठावे अशी सोय शरीर स्वतःच करते, नाहीतर माणूस रक्तस्रावानेच जायचा. आणि हाड मोडताना व ऑपरेशन होताना आसपासच्या शिरांना धक्का बसतो तो वेगळाच. संथ रक्त, दुखावलेली शीर आणि गोठण्याकडे कल असलेले रक्त अशी तीन कारणे डॉक्टर लोक सांगतात, आणि मोडलेल्या घोट्यात ती तिन्ही एकाच वेळी हजर असतात.

गुठळी पोटरीत राहिली तर पाय सुजतो, दुखतो. ती मांडीपर्यंत वाढली किंवा तिचा तुकडा सुटला तर तो हृदयातून जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो, पाटाच्या तोंडाशी पाचटाचा बुचका अडकावा तसा. फुप्फुसात सापडणारी अशी गुठळी तिथे तयार झालेली नसून पायाकडून वाहत आलेली असते, हे रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवून दिले होते. म्हणजे ज्ञान नवे नाही. ते आपल्या ओसरीपर्यंत आलेले नाही, एवढेच.

घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. घोट्याच्या ऑपरेशननंतर त्रास देणारी गुठळी शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होते. पण शंभर जणांत तो एक कोण, याचा अंदाज थोडाफार आधी बांधता येतो आणि तो बांधायला डॉक्टरांना आपल्याकडून माहिती लागते. ती आपण देत नाही. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? आई-वडील, भावंडे यांपैकी कोणाला झाली होती का? कर्करोगाचा उपचार चालू आहे का? वजन फार आहे का? वय साठीच्या पुढे आहे का? पायावर फुगलेल्या निळ्या शिरा आहेत का? विडी-सिगारेट आहे का? बायकांच्या बाबतीत गरोदरपण, नुकतेच झालेले बाळंतपण आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या. आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींनी जरूर ध्यानात ठेवावी. वारी, लग्नकार्य, सणवार यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून सर्रास आणल्या जातात. त्यांनीही हा धोका वाढू शकतो. ऑपरेशनच्या वेळी त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही. दीर, सासरे समोर असतील तर सिस्टरच्या कानात सांगावे, पण सांगावे.

पुढचा प्रश्न औषधाचा. इथे आम्हांला दोन्ही टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, डॉक्टरांनी पोटात टोचायची इंजेक्शने लिहून दिली होती, महाग पडतात म्हणून घरी आल्यावर बंद केली. दुसरा म्हणतो, शेजाऱ्याला इंजेक्शने दिली, मला का दिली नाहीत, माझ्यावर अन्याय झाला. दोघांनाही आमचे सांगणे असे की माती परीक्षण न करता दोन शेजारच्या रानांना एकच खत टाकू नका असे आम्ही वर्षानुवर्षे ओरडतो, तोच न्याय इथे लावा. नेदरलँडमध्ये पायाला प्लॅस्टर घातलेल्या सुमारे दीड हजार रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शने दिली, निम्म्यांना काही नाही. त्रासदायक गुठळ्या पहिल्या गटात १.४ टक्के आणि दुसऱ्यात १.८ टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना इंजेक्शन द्या असे जाणते डॉक्टर म्हणत नाहीत. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही पाय व घोट्याच्या ऑपरेशनसाठी ‘धोका पाहून विचार करावा’ असेच सांगितले आहे, म्हणजे पाय किती दिवस बांधून राहणार, भूल दीड तासाहून जास्त वेळ लागली का, रुग्णाची स्वतःची जोखीम किती, हे पाहून. या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. पोटात अल्सर असलेल्या माणसाला ती आंधळेपणाने देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मात्र धोका पाहून डॉक्टरांनी औषध लिहून दिले असेल, तर ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत घेतलेच पाहिजे. खर्च परवडत नसेल तर गुपचूप बंद करू नका, पुन्हा जाऊन स्पष्ट विचारा. २०२३ साली अमेरिका व कॅनडातील २१ रुग्णालयांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हातापायांची मोडलेली हाडे ऑपरेशनने बसवलेले किंवा कमरेचे हाड मोडलेले १२,२११ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना इनॉक्सापॅरिन इंजेक्शन दिले, निम्म्यांना साधी, स्वस्तातली अ‍ॅस्पिरिन. तीन महिन्यांत मृत्यू झाले ते इंजेक्शनवाल्यांत ०.७३ टक्के आणि अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ०.७८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. फुप्फुसातल्या गुठळ्या दोन्हींकडे १.४९ टक्के. पायातल्या गुठळ्या मात्र अ‍ॅस्पिरिनवर थोड्या जास्त निघाल्या, २.५१ विरुद्ध १.७१. याचा अर्थ घरातली डोकेदुखीची गोळी काढून घ्यावी असा मुळीच नाही. पण ‘डॉक्टर, हे परवडत नाही, माझ्यासारख्याला स्वस्तातले दुसरे चालेल का?’ असे विचारायला जागा आहे, आणि विचारलेले डॉक्टरांना आवडते, असा आमचा अनुभव आहे. न विचारता बंद केलेले आवडत नाही.

या औषधांच्या कुळाची एक हकीकत शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या कुरणांत गाई-वासरे रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली तरी रक्त थांबेना. कारण निघाले बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा, आपल्या मेथी-घासाच्या कुळातलाच. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि सडक्या चाऱ्याचा भारा गाडीत घालून विद्यापीठात आला आणि कार्ल पॉल लिंक या शास्त्रज्ञाच्या दारात उभा राहिला. चाऱ्यातले ते द्रव्य शुद्ध रूपात हाती यायला १९३९ साल उजाडले. त्याच्याच जातीचे वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदरांचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसाला द्यायला परवानगी मिळाली. आपण उसातल्या उंदरांना ब्रोमॅडिओलोनचे आमिष घालतो, तेही याच गोत्रातले. तेव्हा मात्रा किती महत्त्वाची ते ओळखा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणून खाऊ नका, काढे-भस्मे डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागले, शौचाला काळे होऊ लागले किंवा पडून डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना गाठा.

औषध कोणाला लागेल, कोणाला नाही. हालचाल सगळ्यांना लागते, आणि तिथेच आपल्या घरांची रीत आडवी येते. पाय मोडला की आपण माणसाला खाटेवर जवळजवळ बांधून ठेवतो. चहा खाटेवर, जेवण खाटेवर, टीव्ही समोर. सुनेने उठू दिले तर सासू रागावते. माया आहे, त्यात शंका नाही. पण विश्रांती मोडलेल्या घोट्याला सांगितलेली असते. गुडघा मोडलेला नसतो, मांडी मोडलेली नसते, दुसरा पाय तर ठणठणीत असतो. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर प्लॅस्टरबाहेरची बोटे दर तासाला हलवावीत, गुडघा वाकवून सरळ करावा, पाय सरळ ठेवून वर उचलावा, चांगल्या पायाचा पंजा वर-खाली करावा. मोटार बंद असली तरी हातपंप मारत राहायचा. वॉकर किंवा कुबड्या घेऊन, दुखरा पाय न टेकता, दिवसातून चार वेळा ओसरीपर्यंत जाऊन यावे. पाय टेकायचा कधी आणि किती, हे मात्र डॉक्टरच ठरवतील. हौसेने आधी टेकून प्लेट वाकवून घेतलेलेही आम्ही पाहिले आहेत. पडून असताना पाय उशीवर उंच ठेवावा, खाटेखाली लोंबकळत ठेवू नये.

पाण्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. पाय मोडलेला माणूस पाणी पिणे कमी करतो. कारण साधे आहे, संडासला जायचे हाल. उकिडवे बसता येत नाही, धरून न्यायला दोन माणसे लागतात, बाईमाणसाला तर संकोच अधिक. मग दिवसभर दोन पेले पाण्यावर काढतात. अंगातले पाणी आटले की रक्त दाट होते आणि गुठळीला आयते निमित्त मिळते. भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा कमोड तालुक्याला मिळतो. तो आणा, खाटेजवळ ठेवा आणि माणसाला पोटभर पाणी प्यायला सांगा. (मूत्रपिंड किंवा हृदयाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.) विडी या तीन महिन्यांत तरी बंद ठेवावी. पुढेही बंद राहिली तर हाडही लवकर सांधेल.

धोका पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो आणि साधारण तीन महिने राहतो. एकच पोटरी सुजली, ठणकू लागली, गरम किंवा लालसर लागली, मांडीपर्यंत सूज चढली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. प्लॅस्टरमुळे पोटरी दिसत नाही. तेव्हा प्लॅस्टर एकाएकी घट्ट वाटू लागणे हीच खूण समजावी. पाय उंच ठेवूनही आवळणे थांबेना, बोटे निळी, गार किंवा बधिर पडली तर नुसत्या प्लॅस्टरच्या दाबानेही पाय जाऊ शकतो, तिथे तर तासांचा हिशेब असतो. पोटरीचा कलर डॉपलर म्हणजे एक प्रकारची सोनोग्राफीच, तिच्याने बहुतेक वेळा उलगडा होतो. आणि एक काम अजिबात करू नये. हाडवैद्याला बोलावून किंवा घरच्या घरी तेल कोमट करून सुजलेली पोटरी रगडू नये. आत गुठळी असेल तर ती सुटण्याची भीती असते.

अचानक दम लागणे, श्वास आत घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त येणे, चक्कर येऊन पडणे, यांपैकी काही झाले तर ‘पित्त झाले असेल, सोडा द्या’ म्हणत बसू नका. सरळ १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात पहिले वाक्य हे बोला : ‘यांचे इतक्या दिवसांपूर्वी घोट्याचे ऑपरेशन झाले आहे.’ हे वाक्य न सांगितल्याने तपास भलत्याच दिशेला जाऊ शकतो.

तोडणी मजुरांचे हाल याहून वाईट आहेत आणि आपण त्यांकडे काणाडोळा करतो असे आमचे स्पष्ट मत आहे. कोयता चालवणारा किंवा मोळी वाहणारी बाई पडली, घोटा मोडला, ऑपरेशन झाले की चौथ्या दिवशी तिला गावी धाडतात. कोपीत कोण सांभाळणार, उचल तर फिटायची आहे! मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर टेम्पोत आठ-दहा तास पाय दुमडून प्रवास. गुठळीला याहून सोयीचे काय असणार? प्रवास टाळता येत नसेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, बसायला नीट जागा द्यावी, दर तास-दीड तासाने गाडी थांबवून आधार देऊन उभे करावे, पाणी पाजावे. मुकादमांनी आणि वाहनमालकांनी एवढे करायला फार पैसे पडत नाहीत.

दवाखान्यातून सुटका होताना हाती इंग्रजी कार्ड मिळते. ते घडी घालून रेशन कार्डाच्या पिशवीत जाते. आमची विनंती अशी की घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्या वेळी वही-पेन्सिल घेऊन उभे राहावे आणि गुठळीचा धोका आमच्या माणसाला किती, औषध आहे का, असेल तर किती दिवस, कोणती हालचाल आजपासून चालेल आणि रात्री-अपरात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा, एवढे मराठीत लिहून घ्यावे. मोठ्या ओ.पी.डी.त डॉक्टरांना बोलायला सवड नसते हे खरे. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळते.

आता कारखान्याच्या पातळीवर. प्रत्येक गट ऑफिसात दोन वॉकर, कुबड्यांचे दोन जोड आणि कमोडच्या दोन खुर्च्या ठेवाव्यात, सभासदांना आणि तोडणी मजुरांना त्या अनामत न घेता वापरायला द्याव्यात, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा असे आम्हांला वाटते. ऊस बेणे पुरवतो, फवारणी पंप देतो, मग हे का नाही? काही संचालकांशी बोलणे झाले आहे, त्यांची ना नाही. पण नेआण आणि नोंद कोणी ठेवायची यावर घोडे अडले आहे. आमच्या मते चिटबॉयकडे एक रजिस्टर दिले तरी काम भागेल. ठरावाचा मसुदा शेतकी कार्यालयात ठेवला आहे. सूचक-अनुमोदक म्हणून सही करावयाची असेल त्या सभासदांनी कार्यालयीन वेळेत यावे, आणि घरी पडून असलेले वॉकर किंवा कुबड्या देण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी येताना त्या सोबत आणाव्यात.

— ऊस विकास अधिकारी